रघुनाथची ओळ

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या जुन्या गल्लीत एक चिंचेचं झाड होतं. त्याच्याखालून भर दुपारी कोणी जात नसे, तिथे काहीतरी आहे म्हणत. मी मात्र तिथलीच चिंच वेचून आणून वर्षभराचं सांबार करत असे. सासूबाई म्हणायच्या, "हिला काय बाधणार, जे काय असेल तेच हिला भिऊन पळेल." तर अशी मी. ह्या सदरातले लोकांचे अनुभव वाचतानासुद्धा मनात म्हणत असते... अगो, खिडकी नीट लावली नसेल, वारा आला असेल, झालं. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. तुम्हीही तसंच काही म्हणालात तर मला राग येणार नाही. उलट कोणी नीट पटवून दिलंत तर उपकार मानीन.

आम्ही तंजावूरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या इथलेच. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. देवनागरी मला कोणी शिकवली नाही. पुण्याच्या एका पाहुण्यांनी टाकून दिलेल्या जुन्या मासिकांवरून एकेक अक्षर लावत मीच शिकले, लग्नानंतर. त्यामुळे माझ्या लिहिण्यात आमच्याकडचं जुनं वळण येईल, मधे तमिळ डोकावेल. सांभाळून घ्या.

आमचं घर मेडिकल कॉलेज रोडच्या आतल्या एका कॉलनीत. नवंच आहे, तळमजला, दोन खोल्या, मधे हॉल. हॉलमधे जेवायचं टेबल आणि त्याच्यासमोरच भिंतीत देवघर. घरात माणसं चार. मी, कमला. माझा एकुलता एक मुलगा रघुनाथ, पापनाशमला सरकारी कचेरीत, रोज ट्रेनने जाणारा. सून सुमती, तिरुवैयारुच्या शाळेत गणित शिकवते. आणि त्यांची मुलगी जान्हवी, आमची जानू, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कम्प्युटर.

जानू हुशार, पण एका पेपरने तिचा गळा धरला होता. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. दुसऱ्या वर्षाचा पेपर, तो राहिला. आमच्याकडे अशा राहिलेल्या पेपरला अरिअर म्हणतात. पुन्हा दिला, पुन्हा राहिला. घरी सगळं येतं, परीक्षेच्या हॉलमधे बसली की डोकं कोरं होतं. आता शेवटच्या परीक्षेबरोबर तो पेपर पुन्हा होता. चेन्नईच्या एका कंपनीने तिला घेतलं होतं, पण अट अशी की एकही अरिअर राहता कामा नये. राहिला तर नोकरी गेली. आणि रघूने तर पापनाशमला अख्ख्या कचेरीत मैसूरपाक वाटून ठेवलेला!

"अप्पा, आधी पास तर होऊ द्या ना..." जानू रडकुंडीला यायची.

"होशील गे. नाही झालीस तर त्यांच्याकडून मैसूरपाक परत घेईन," हा रघू. सगळ्या गोष्टीचा हसूनच निकाल लावायचा. लहानपणापासून तसाच.

आमच्याकडे एक रीत आहे, तमिळ घरांतही आहे. पाठ केलेलं थोरांपुढे म्हणून दाखवायचं. ओप्पिक्कणं म्हणतो आम्ही त्याला. म्हणणाऱ्याने उभं राहून म्हणायचं, समोरच्याने पुस्तक धरायचं आणि चुकलं की थांबवायचं. पुस्तक धरणाऱ्याला विषय कळलाच पाहिजे असं नाही. आमच्या ह्यांच्या खात्याच्या परीक्षेला पुस्तक मीच धरलं, रघूच्या बी.एस्सी.लाही मीच. तेव्हा परीक्षेआधीच्या सुट्टीत जानूचं पुस्तक धरायला बसले मीच. रोज दुपारी, जेवणं आवरली की. रघू आणि सुमती कामावर, घरात आम्ही दोघी आणि पंखा.

"क्लास म्हणजे काय गे?"

"ब्लूप्रिंट, आजी. आराखडा. ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून केलेली खरी वस्तू."

"म्हणजे आपलं दारातलं रांगोळीचं कोलम. नमुना माझ्या डोक्यात, तो तुझा क्लास. आज सकाळी पिठाने काढलं ते ऑब्जेक्ट. उद्याचं वेगळं, पण नमुना तोच."

"अय्यो आजी, असंच लिहिते पेपरात!"

"लिही. मार्क कापले तर मला सांग. बरं, इन्हेरिटन्स?"

"आईबापाकडून मुलाला मिळतं ते. मला अप्पांचं नाक मिळालं तसं."

"आणि जीभ माझी मिळाली."

असं हसतखेळत चालायचं. सगळं तिला यायला लागलं, एक सोडून. कन्स्ट्रक्टर आणि डिस्ट्रक्टर. ऑब्जेक्ट तयार होताना जे आपोआप चालतं तो कन्स्ट्रक्टर, ऑब्जेक्ट संपताना जे आपोआप चालतं तो डिस्ट्रक्टर. आता मला पाठ झालंय, पण तेव्हा तीच दर वेळी तिथे अडखळायची. कोण आधी, कोण मागून, सगळी गल्लत. शेवटी तिने एक युक्ती काढली. घरातल्या माणसांचाच प्रोग्रॅम लिहिला. 'माणूस' नावाचा एक क्लास, आणि त्याचे चार ऑब्जेक्ट. कमला, रघुनाथ, सुमती, जान्हवी. तयार झाला की पडद्यावर नावापुढे 'क्रिएटेड' यावं, संपला की 'डिस्ट्रॉइड'.

कौतुकाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी चष्मा लावून वाचलं. वर चार ओळी क्रिएटेडच्या, आणि खाली...

जान्हवी डिस्ट्रॉइड. सुमती डिस्ट्रॉइड. रघुनाथ डिस्ट्रॉइड. कमला डिस्ट्रॉइड.

"काय गे हे? देवासमोर बसून घरातल्या माणसांच्या नावापुढे असलं लिहितात?"

"आजी, मेमरी मोकळी झाली फक्त. पुस्तकात असंच आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याने त्याच्या घरच्यांची नावं घातली होती का?"

हे विश्वासाचं नाही हं, नीट समजून घ्या. ही जिभेची सवय. आमच्याकडे कोणी नुसतं 'जातो' म्हणत नाही. कोपऱ्यावर कॉफीची पूड आणायला निघालं तरी 'जाऊन येतो'. तमिळ माणूसही तसंच म्हणतो. तांदूळ 'संपले' म्हणत नाही, बांगडी 'फुटली' म्हणत नाही. लहानपणापासून तोंडात बसलेलं. ते 'डिस्ट्रॉइड' मला दाताखाली खडा आल्यासारखं झालं.

"बदल ते."

"काय घालू मग?"

"घाल... 'जाऊन येतील'."

ती हसून हसून लोळली. पण बदललं. इंग्रजी अक्षरांतच आपली भाषा, जाऊन येतील. आणि मला दाखवलं — हे बघ आजी, डिस्ट्रक्टर क्लासमधे एकदाच लिहायचा असतो, चौघांसाठी चार नाही. एका जागी बदललं की सगळ्यांचं बदलतं. हीच तर ह्या विषयातली मुख्य गोष्ट.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग मला आणखी एक खटकलं. "ही नावं उलटी का आली गे? मी पहिली होते ना? खाली तू पहिली कशी?"

"नियमच आहे. जो शेवटी तयार होतो तो आधी संपतो."

"म्हणजे सगळ्यांत धाकटी ती आधी, आणि मी म्हातारी सगळ्यांना पाठवून मागे? हा कसला नियम?"

"आजीऽ, कम्प्युटरचा नियम आहे, मी काय करू?"

"मला शेवटी जन्माला घाल. म्हणजे मी आधी जाईन ना?"

"होय... अगो, बरोबर बोललीस की!" तिने टाळी दिली मला. आधी जान्हवी, मग सुमती, मग रघुनाथ, शेवटी कमला, असं उलटं लिहिलं. चालवलं. आता खालच्या ओळी वयाप्रमाणे, सरळ आल्या.

कमला जाऊन येतील. रघुनाथ जाऊन येतील. सुमती जाऊन येतील. जान्हवी जाऊन येतील.

त्या दिवसापासून डिस्ट्रक्टर तिच्या डोक्यात असा बसला की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. रोज उजळणी संपली की तो प्रोग्रॅम एकदा चालवायचा, चार ओळी वाचायच्या आणि लॅपटॉप मिटायचा, असा आमचा शिरस्ताच पडला. रोज ओळी जिथल्या तिथे.

परीक्षेच्या आदल्या दुपारची गोष्ट. ऊन असं की रस्त्यावर ऑटोवालेसुद्धा नव्हते. सगळं ओप्पिक्कून झालं, एकही चूक नाही. जानू खुशीत. "चल आजी, आता आपल्या घरच्या मंडळींना निरोप देऊ," म्हणत तिने बटण दाबलं.

मी नेहमीसारखी वाचायला लागले. कमला जाऊन येतील. रघुनाथ...

रघुनाथ डिस्ट्रॉइड.

सुमती जाऊन येतील. जान्हवी जाऊन येतील.

"अगो, हे काय केलंस?" मी म्हटलं. मला वाटलं चेष्टा करते.

ती पुढे वाकून बघत होती. मग म्हणाली, "मी काही केलं नाही." पुन्हा चालवलं. तेच. आधीचं तयार झालेलं पुसून प्रोग्रॅम नव्याने बांधून घेतला, बिल्ड म्हणतात त्याला. तेच. प्रोग्रॅम उघडून डिस्ट्रक्टर दाखवला मला, एकच ओळ, त्यात 'जाऊन येतील'. दुसरं काही नाही. फाइलमधे तो शब्दच शोधायला लावला कम्प्युटरला... 'डिस्ट्रॉइड' कुठे आहे? कम्प्युटर म्हणाला, सापडत नाही. शब्द फाइलमधे नाहीच! आणि चालवलं की पडद्यावर.

तिने रघुनाथच्या जागी 'अप्पा' लिहिलं. अप्पा डिस्ट्रॉइड.

त्याला दुसऱ्या जागेवरून उचलून शेवटी ठेवलं. ती ओळ त्याच्याबरोबर शेवटी गेली. शेजारच्या मांजराचं नाव घालून पाचवा ऑब्जेक्ट केला... मांजर जाऊन येतील. मांजराला बिचाऱ्याला काही नाही!

पोर घाबरली. पण तिला भीती वेगळीच. "आजी, माझाच प्रोग्रॅम मला कळत नाही. उद्या पेपर आहे! हे असं होऊच शकत नाही, आणि होतंय. म्हणजे मला काहीच येत नाही..." पडद्याचा फोटो काढून वर्गातल्या मैत्रिणीला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, जुनाच बिल्ड चालला असेल, शांत राहा, झोप.

मी सगळं पूर्वीसारखं जागच्या जागी करायला लावलं आणि लॅपटॉप मिटला. तिच्यासमोर मात्र म्हटलं, "यंत्र आहे, तापलं असेल. माझंही डोकं ह्या उन्हात चालत नाही."

संध्याकाळी सुमती आली. जानूने तिला सगळं दाखवलं. सुमती गणिताची, तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मैत्रीण म्हणते तसं जुनं चाललं असतं तर चौघांपुढेही डिस्ट्रॉइड आलं असतं," ती म्हणाली. "नवं चाललं असतं तर कोणापुढेच नाही. तीन असे आणि एक तसा, हे दोन्हीत बसत नाही." मग तिने माझ्याकडे बघितलं. उठून देवापुढे दिवा लावला. नेहमी मी लावते.

मग रघू आला, घामाने भिजून. त्याला दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण जानूच्या पोटात काही राहतं का? त्याने चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन बघितली आणि खो खो हसला.

"बघितलंस? कचेरीत पगारपत्रकावर माझंच नाव चुकतं. रेशनकार्डावर माझंच. आता इथेही माझंच! सरकार आणि कम्प्युटर, दोघांचं माझ्याशी वाकडं."

"हसू नका हो," सुमती म्हणाली.

"मग काय रडू? भूक लागली आहे. रसवांगी केलीय ना? वास येतोय."

जेवताना त्याने दोनदा भात मागून घेतला. मी वाढत होते आणि त्याच्या हाताकडे बघत होते. माझ्या मुलाचा हात. सगळं ठीक होतं, हो! माणूस ठणठणीत होता.

सुमती नि जानू आत गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "उद्या तू जाऊ नकोस. घरी राहा. जानूला मी नेते ऑटोने."

त्याने माझ्याकडे असं बघितलं... "आई, तू? चिंच वेचून आणणारी तू?"

"म्हणूनच सांगते. मी कधी असलं बोलले आहे का?"

तो जरा गंभीर झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोन्ही वेळा ती एकटी गेली, आणि कोरी होऊन आली. ह्या वेळी अप्पा बाहेर बसणार असं तिला सांगितलंय. 'भिंतीपलीकडे तुम्ही आहात म्हणून आठवेल', असं म्हणाली मला. सकाळी मीच नाही म्हटलं तर? कशासाठी, एका ओळीसाठी?"

एका बाजूला पोरीचा पेपर, तिची नोकरी, दोन वर्षांचं रडणं, सगळं डोळ्यांना दिसणारं. दुसऱ्या बाजूला काय होतं माझ्याजवळ? पडद्यावरची एक ओळ. मी एवढंच म्हटलं, "स्कूटर नको. ऑटोने जा."

"ऑटोने जातो. झालं?"

"काय म्हणालास?"

"चुकलो, चुकलो. जाऊन येतो!"

सकाळी दोघं निघाली. जानूने देवाला नमस्कार केला, मला केला. तिच्या हातावर साखर घातलेलं दही ठेवलं मी, आणि रघूच्याही. "मला कशाला, मी काय पेपर देणार आहे?" म्हणत त्याने चाटून टाकली. पायऱ्या उतरून फाटकाशी पोचला आणि तिथून मागे वळून, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडला, "आईऽ, जाऊन येतोऽ! ऐकलंस ना?" समोरच्या घरातली बाई दळण निवडत बसली होती, तीसुद्धा हसली.

ऐकलं मी. माझ्या ह्या कानांनी ऐकलं.

पुढचं जानूने मला सांगितलेलं. परीक्षेच्या केंद्राबाहेर भिंतीला लागून कडुनिंब आहेत. पुष्कळ आईबाप तिथे वर्तमानपत्र पसरून बसलेले. रघूने बरोबर भिंतीला टेकून जागा धरली आणि तिला म्हणाला, "मी इथेच. हललो तर नाव बदल माझं." ती आत गेली. प्रश्नपत्रिका उघडली आणि पहिल्याच पानावर डिस्ट्रक्टर. उदाहरणासहित लिहा, म्हणून. तिला सगळं आठवलं. घरातली नावं मात्र घालायला हात होईना, तेव्हा ए, बी, सी, डी अशी अक्षरं घातली आणि पुस्तकातल्यासारखं लिहिलं. सगळा पेपर लिहिला. एक प्रश्न सोडला नाही.

बाहेर आली ती पळतच. अप्पा भिंतीला टेकून बसलेले, पाण्याची बाटली मांडीवर, मान खाली. बाजूच्या माणसाने खूण केली, झोपलेत, हळू. ही हसली, पुढे वाकली आणि कानात म्हणाली, "अप्पा, डिस्ट्रक्टर आला होता."

पुढे लिहिवत नाही.

डॉक्टर म्हणाले हृदय. बसल्या बसल्या, काही कळलंही नसेल. शेजारी बसलेल्यांनासुद्धा कळलं नाही. अपघात नाही, काही नाही. मी ऑटोने पाठवलं होतं ना... माझं सगळं लक्ष रस्त्यावर.

मुलाचे दिवस आईने बघायचे, हे काय असतं ते मी इथे लिहिणार नाही. बघितले. नातेवाईक आले, बोलले, गेले. घरात कोणी त्या ओळीबद्दल अक्षर काढलं नाही, आम्ही तिघीही नाही.

निकाल लागला. जानू पास, ह्या पेपरात तर चांगले मार्क. तिने निकाल मला वाचून दाखवला आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चेन्नईच्या कंपनीकडून, कामावर कधी येता म्हणून विचारणा आली. सुमती म्हणाली, "जा. तुला जाता यावं म्हणून तर ते भिंतीशी बसले होते. तू जा."

जायच्या आधी ती जुना लॅपटॉप आवरत होती. कंपनी नवा देणार होती. मी आणि सुमती तिच्याजवळ टेबलाशी बसलो होतो, दुपारच होती. ती फाइल समोर आली. पुसून टाकायला तिने बोट ठेवलं. सुमतीने झटकन तिचा हात धरला. "नको. पुसलंस तर आणखी काय चालेल कोणास ठाऊक." सुमती अशी बोलणारी बाई नाही हो. वर्गात मुलांना पुरावा मागणारी.

"मग एकदा चालवून बघते," जानू म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत तिने बटण दाबलं होतं.

कमला जाऊन येतील.

रघुनाथ जाऊन येतील.

सुमती जाऊन येतील. जान्हवी जाऊन येतील.

कोणी हात लावला नव्हता त्याला. परीक्षेच्या आदल्या दिवसापासून लॅपटॉप उघडलाच नव्हता, घरात कोणाला सुचणार होतं? जानूने पुन्हा पुन्हा चालवलं. तेच. चौघांनाही एकच, जसं असायला पाहिजे तसं. मला क्षणभर वाटलं, आपण त्या दिवशी तिघींनी मिळून चुकीचं वाचलं का काय? पण मैत्रिणीला पाठवलेला फोटो जानूच्या फोनमधे आहे. त्यात अजून दुसऱ्या ओळीत तो शब्द तसाच आहे. मी परवाच पुन्हा बघितला.

तिच्या कॉलेजातल्या मॅडम भेटायला आल्या होत्या, त्यांना फोटो दाखवला, फाइल दाखवली. त्यांनी बराच वेळ घालवला. आधी म्हणाल्या मेमरी बिघडली असेल. मग म्हणाल्या, बिघडली तर वेडीवाकडी अक्षरं येतील, पुसून टाकलेला शब्द नीट स्पेलिंगसकट एकाच नावापुढे कसा येईल? नाव बदललं तरी त्याच्याच मागे कसा जाईल? शेवटी फोन परत देऊन म्हणाल्या, "पाटी, मला सांगता येत नाही." पाटी म्हणजे आजी, इथे सगळे म्हणतात. चांगली मुलगी. कॉफी अर्धी टाकून गेली.

मलाही सांगता येत नाही. ती ओळ मला सांगायला आली होती, की नुसतीच आली होती? मी नावं उलटी लावायला सांगितली नसती तर? मी पुष्कळ उलटसुलट करून बघते, कशानेच जुळत नाही. कोणाला हे कळत असेल तर लिहा. रागावून लिहा, हसून लिहा, पण लिहा.

जानू आता चेन्नईला असते. लॅपटॉप माझ्याजवळ ठेवून गेली. कुठलं बटण दाबायचं ते मी तिच्याकडून शिकून घेतलं. काय कारण सांगितलं ते विचारू नका. सकाळी सुमती शाळेला गेली, कोलम काढून झालं, की मी तो उघडते. पहिली ओळ माझी, ती मी वाचत नाही. माझं जे व्हायचं ते होऊ दे. दुसऱ्या ओळीवर थोडी थांबते. तिथे 'जाऊन येतील' असतं. मग सुमतीची, आणि सगळ्यांत खाली जानूची. ती वाचायच्या आधी चष्मा पुसते. ती वाचून झाल्याशिवाय माझ्या घशाखाली कॉफी उतरत नाही.

मग तिला फोन लावते. "काय गे, जेवलीस का?"

"आजी, आता सकाळ आहे. कोण जेवतं?" ती म्हणते. मग जरा थांबून, "बघितलंस ना?" मी म्हणते, "काय बघायचंय?"

ती घाईत असते, 'बाय' म्हणून फोन ठेवायला जाते. मी ठेवू देत नाही. 'जाऊन येते' म्हण म्हणते. तिने म्हटल्याशिवाय मी फोन खाली ठेवत नाही.

रघूनेही म्हटलं होतं, ते मला ठाऊक आहे. फाटकाशी उभा राहून, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं. तरी मी तिच्याकडून म्हणवून घेते.